कूलरचं बटन बंद होतं, तरी झटका बसला

वाडीत ऊन तापलं की घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली येतात. नवी ताटी बसते, टाकी घासली जाते आणि उंदरानं कुरतडलेली वायर घरातलंच कुणीतरी टेप लावून जोडतं. आज त्या जोडाबद्दल बोलू.

आपण सगळ्याच प्लस-मायनस म्हणतो. ते शब्द इन्व्हर्टरच्या बॅटरीचे. तिथे लाल प्लस, काळी मायनस. भिंतीतल्या विजेची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, म्हणून तिथे कायमचं प्लस-मायनस नसतं. तिथली लाल वायर फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंगची. नव्या कूलरच्या वायरीत मात्र तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी निघते. तपकिरी ती फेज, निळी ती न्यूट्रल. आणि थ्री-फेज कनेक्शनच्या जुन्या रंगांत लाल, पिवळी, निळी या तिन्ही फेज! तिथली निळी न्यूट्रल समजली, तर संपलंच.

मागच्या मे महिन्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी बटन बंद करून कूलरमध्ये पाणी भरायला घेतलं, आणि पत्र्याला हात लागताच झटका बसला. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं. वायरमननं बोर्ड उघडला, तर बटन काळ्या वायरवर बसवलेलं. बंद केलं की पंखा थांबायचा, पण फेज मोटरपर्यंत पोचलेलीच. मोटर आतून ओली झालेली, करंट पत्र्यात उतरला. वाढवलेली वायर दोन तारांची, त्यामुळे हिरवी कुठे जोडलेलीच नव्हती. अर्थिंग असतं तर करंटला जायला वाट मिळाली असती.

मग आम्ही सगळ्यांनी आपापले बोर्ड तपासून घेतले. आणखी दोन घरी तीच चूक निघाली. रंग बरोबर दिसत होते, टेस्टर लावल्यावर कळलं.

तेव्हापासून पाणी भरताना आम्ही प्लगच काढून ठेवतो. थ्री-पिनची जाड पिन अर्थिंगची, ती कापून टू-पिनमध्ये घुसवायची नाही. आणि वायरमनला आरसीसीबीचं विचारा, ३० मिलीअँपियरची. एमसीबी वायरी जळण्यापासून वाचवते, माणसाला झटका बसताना वीज तोडते ती आरसीसीबी. तिच्यावर एक छोटं टेस्टचं बटन असतं, महिन्यातून एकदा दाबून पाहायचं.