वीज मोजली, मीठ राहिले



१९७० साली खुला झालेला पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. अवघे सोळा वर्षांचे आयुष्य! त्याच्या पोटातले पोलाद गंजले होते. समुद्रकाठी मिठातले क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून झिरपत सळईपर्यंत पोहोचले की गंज धरतो.

ते किती वेगाने शिरेल, हे आधी ओळखावे कसे? जुनी रीत म्हणजे काँक्रीटवर ९० दिवस मिठाचे पाणी साठवून ठेवणे. इतकी सबुरी ठेकेदाराला कोठून असणार? १९८१ साली अमेरिकेत डेव्हिड व्हायटिंग यांनी झटपट कसोटी मांडली. ५० मिलिमीटर जाडीची चकती घ्यायची; एका अंगाला मिठाचे पाणी, दुसऱ्या अंगाला कॉस्टिक सोड्याचे. ६० व्होल्टचा दाब ६ तास लावून किती कूलंब वीज गेली ते मोजायचे. आकडा १,००० च्या आत आला तर काँक्रीट चांगले. ४,००० च्या वर गेला तर मिठाला दार उघडे.

पण मेख येथेच आहे. ही कसोटी मीठ मोजीत नाही, वीज मोजते. आणि वीज काँक्रीटमधल्या पाण्यातले सगळेच क्षार वाहून नेतात. गंज रोखण्यासाठी कॅल्शियम नायट्राइट घातले तर आकडा उगाच फुगतो. सिलिका फ्यूम घातली तर आकडा घटतो, पण मिठाचे शिरणे त्याच प्रमाणात घटलेले नसते. विरळ काँक्रीट वीजदाबाने तापते, आणि तापले की आणखी वीज वाहते. एकाच मालाच्या चकत्या दोन प्रयोगशाळांत दिल्या तर ५१ टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, असे अमेरिकन मानकच सांगते.

म्हणून कसोटी फेकून द्यावी काय? मुळीच नाही. एकाच मिश्रणाचा माल रोज सारखा येतो की नाही, हे पाहायला ती उपयोगी आहे. शंका आली तर चकती फोडून सिल्व्हर नायट्रेट फवारावे. मीठ जेथवर गेले तेथवर ती पांढरी पडते.

आम्ही बांधकाम मजुरांची बाजू मांडणारे. आमचे म्हणणे इतकेच, की चकती प्रयोगशाळेत पास होते, पूल मात्र नदीवर उभा राहतो. सळईवर कव्हर किती राहिले आणि काँक्रीटवर पाणी किती दिवस मारले, हे कूलंबचा आकडा सांगत नाही. तेव्हा एवढ्या एका आकड्यावर कोणाची मजुरी कापू नये, आणि पूलही पास करू नये.