समोरासमोरचे दोन ताफे

नागपूरहून येणारा मोठा रस्ता जामला फुटतो. एक फाटा हिंगणघाटावरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. लग्नसराईत अशा चौकात दोन वराती समोरासमोर आल्या की काय होते, ते तुम्हांला सांगायला नको! दोन्हीकडचे बँडवाले गाल फुगवून एकमेकांवर कडी करतात, आणि मग ना हे गाणे ऐकू येते ना ते.

इटलीत व्हेनिस शहरी सेंट मार्क नावाचे मोठे चर्च आहे. तिथे गायक-वादकांचे ताफे वेगवेगळ्या जागी उभे करण्याची रीत होती. तिथला ऑर्गनवादक जोव्हान्नी गाब्रिएली याने १५९७ साली एक रचना छापली. तिच्या नावातच ‘हळू आणि जोरात’ असे शब्द आहेत. चार-चार वादकांचे दोन ताफे. एकटा ताफा वाजवील तेव्हा हळू, दोन्ही मिळून वाजवतील तेव्हा जोरात. एक बोलतो, दुसरा ऐकून घेतो नि मग उत्तर देतो. आपल्या कलगी-तुऱ्यासारखेच म्हणा ना!

वाद्ये कोणती? सहा ट्राँबोन, एक व्हायोलिन आणि एक कॉर्नेट्टो. हे कॉर्नेट्टो लाकडी. फुंकायचे तुतारीसारखे, पण अंगावर सनईसारखी भोके. कारण नुसत्या तुतारीतून मोजकेच सूर निघतात, तिच्यावर अख्खी चाल बसत नाही. शाळेतल्या बिगुलाचेही तेच. ट्राँबोनची नळी पुढेमागे सरकते, म्हणून त्याचे अडले नाही. ट्रंपेटला बोटांनी दाबायचे खटके मिळाले ते १८१५च्या सुमारास, जर्मनीत.

पुढे १९५१ साली लंडनमध्ये फिलिप जोन्स यांनी पितळी वाद्यांचा ताफा उभारला. अशा ताफ्यांनी गाब्रिएली पुन्हा वाजता केला. कॉर्नेट्टोची ओळ ट्रंपेटकडे आली, व्हायोलिनचीही पितळेवर उतरली. सूर तेच, पण कॉर्नेट्टो माणसाच्या गळ्याजवळचा आणि ट्रंपेट धारदार. त्याने जरा जोर धरला की खालचे ट्राँबोन बुडालेच. पितळेवर हळू वाजवणे फार कठीण. कोणत्याही बँडमास्तरला विचारा.

आपल्या बँडात बहुधा सारे एकच चाल उचलतात, कारण आवाज रस्ताभर पोचायला हवा. पण डीजेच्या भिंतीपुढे नुसत्या जोरावर बँडवाला कसा टिकणार?

गुरुजी, पटांगणाच्या दोन टोकांना चार-चार मुले उभी करा. अभंगाची एक ओळ इकडच्यांनी म्हणावी, पुढची तिकडच्यांनी. तोवर इकडे गप्प. हे गप्प राहणे शिकवायलाच दोन दिवस जातील.