किल्ली नानांच्या खिशात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



गेल्या रमजान ईदला माझ्या नातवाने सगळ्यांकडून मिळालेली ईदी एकत्र केली, कमी पडले तेवढे माझ्याकडून वसूल केले आणि एक सायकल घेतली. वीस इंची चाके, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही. मी दुकानदाराला म्हणालो, अहो, ही अर्धीच दिलीत. तर नातू म्हणाला, ''नाना, ये बीएमएक्स है!'' आठ दिवसांतच रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या मुरमाच्या ढिगावरून त्याने ती उडवली. सायकल ढिगाच्या पलीकडे नीट उतरली, नातू अलीकडेच उतरला. डावा हात मनगटाजवळ मोडला. माझ्या लेकीने सायकलीला साखळी घातली, कुलूप लावले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. आजचे हे बोलणे त्या किल्लीमुळे आहे.

आमच्या लहानपणी हिंगोलीत सायकल तासावर मिळायची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा. मोठी काळी सायकल, नळीच्या वर पाय पोचत नसे, म्हणून नळीखालून पाय घालून कैची चालवायची. पावसाळ्यात तर आमची काळी माती मडगार्डात अशी गच्च बसायची, की चाक फिरणेच बंद. मग काडीने माती कोरत बसायचे आणि तिकडे तासाचे भाडे चढत राहायचे. तरी कयाधूच्या काठचा उतार आम्ही सोडला नाही. वर जायचे, डोळे मिटायचे आणि सोडून द्यायचे. ब्रेक असायचा, पण तो लागेलच अशी खात्री नसायची. त्या खेळाला आम्ही काही नाव दिले नव्हते.

नेमक्या अशाच उद्योगाला अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात 1970च्या सुमारास नाव मिळाले. तिथली पोरे मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यती पाहायची आणि मोटारसायकल परवडत नाही म्हणून आपल्या छोट्या सायकलींवर तेच करायची. 'ऑन एनी संडे' हा मोटारसायकलींवरचा माहितीपट 1971 साली आला. त्याच्या सुरुवातीलाच अशी सायकलवाली पोरे आहेत. त्यातून सायकल मोटोक्रॉस, म्हणजे बीएमएक्स, सगळीकडे पसरले. 2008 साली बीजिंगला ते ऑलिम्पिकमध्ये पोचले. गरिबीतून जन्मलेल्या खेळाला पुढे महागड्या सायकली लागाव्यात, ही गंमत मात्र सगळ्याच खेळांत आहे.

शर्यत साधी आणि भयंकर. आठ खेळाडू उंच चढावर, लोखंडी फाटकाला पुढचे चाक टेकवून उभे. मोठ्या स्पर्धांत हा चढाव आठ मीटर उंच, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीएवढा. ध्वनिमुद्रित आवाज सूचना देतो आणि मग थांबतो. फाटक कधी लगेच पडते, कधी दोन-अडीच सेकंदांनी. हा अवधी मुद्दाम अनिश्चित ठेवलेला असतो, कोणी अंदाजाने आधी सुटू नये म्हणून. मी कविता लिहिणारा माणूस, मला या सगळ्यात तो विराम सर्वांत आवडला. आठ जण श्वास रोखून उभे आहेत आणि पुढचा क्षण कोणालाच ठाऊक नाही.

पुढे सुमारे चारशे मीटरची वाट, तीत उंचवटे, उड्या आणि भिंतीसारखी कललेली वळणे. चाळीस सेकंदांच्या आत सगळे संपते. गिअर एकच, ब्रेक फक्त मागचा. सीट असते, पण तिच्यावर कोणी बसत नाही. उंचवट्यांवर पायडलही मारत नाहीत. चढताना सायकल अंगाशी ओढून घ्यायची आणि उतरताना खाली दाबायची, तेवढ्यानेच वेग वाढतो. मडगार्ड का नाही, हे मला काळ्या मातीमुळे आधीच समजले होते.

पण मला या खेळाची माणसे जास्त भावली. दोन-तीन वर्षांची बाळे पायडल नसलेली सायकल पायांनी ढकलत येतात, पाच-सहा वर्षांची पोरे शर्यतीत उतरतात आणि थोड्या मोठ्या, चोवीस इंची चाकांच्या सायकलींवर चाळिशी-पन्नाशीचे बापलोकही त्याच वाटेवरून धावतात. पुष्कळ ठिकाणी क्लब आईबापच चालवतात. माती ओढायला फावडे घेऊन तेच येतात.

2021 साली टोकियोत सोने जिंकलेली ब्रिटनची बेथनी श्रीव्हर पाहा. तिच्या देशात एके काळी या खेळातल्या पुरुषांना सरकारी निधी मिळाला, बायकांना नाही. तिने लहान मुलांच्या शाळेत मदतनिसाचे काम केले, लोकांकडून वर्गणी जमवली आणि पात्रतेच्या स्पर्धा गाठल्या. 2024 साली पॅरिसला जाण्याआधी तिचे गळपट्टीचे हाड मोडले. तरी ती अंतिम फेरीत पोचली आणि तिथे आठवी आली. आठांत आठवी!

त्याच शर्यतीत पहिली आली ती ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा. तिचा थोरला भाऊ काई हाही याच खेळातला. फेब्रुवारी 2020 मध्ये बॅथर्स्टच्या स्पर्धेत तो पडला. डोक्याला जबर मार. कित्येक आठवडे तो शुद्धीवर नव्हता. बोलणे, चालणे पुन्हा शिकावे लागले. बहिणीने त्याचा 77 हा क्रमांक आपल्या सायकलीवर लावला. टोकियोत तीही पडली. पॅरिसला जिंकली.

ही गोष्ट मी लेकीला सांगितली, ती बहिणीच्या सोन्यासाठी. लेकीने ऐकली ती भावासाठी. ''अब्बा, त्या आईचे काय झाले असेल?'' तिने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. या खेळात पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा हे सगळे असते आणि तरीही माणसे पडतात, हे मी तिच्यापासून लपवू शकलो नाही. आम्ही कयाधूच्या उतारावर हेल्मेटशिवाय वाचलो, हा काही पुरावा नव्हे. तो केवळ दैवाचा हिशेब.

नातवाचे प्लास्टर निघाले. तो रोज संध्याकाळी माझ्या खिशाकडे बघतो. परवा म्हणाला, ''गिरे बगैर कैसा आएगा, नाना?'' मी म्हणालो, पडायलाही धड जागा लागते रे बाबा. मुरमाचा तो ढीग आता उरलेला नाही. रस्ता झाला आणि त्या रस्त्यावरून ट्रॅक्टर धावतात, तिथे सायकल उडवायला मी त्याला मेलो तरी सोडणार नाही. आपल्या गावांत क्रिकेटला मोकळे रान सापडते, कबड्डीला सापडते, चाकाला तेवढे सापडत नाही.

नातवाने मग वहीत एक नकाशा काढला. भाच्याच्या रिकाम्या प्लॉटचा. तीन उंचवटे, दोन वळणे, सुरुवातीला आठ चौकोन. मी म्हणालो, तू तर एकटाच आहेस. तो म्हणाला, बाकीचे सात गल्लीत आहेत. मी मुरमाच्या दोन ट्रॉल्यांचा भाव विचारून आलो. लेकीला सांगितले, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, ''आधी हेल्मेट. मुरूम नंतर. आणि उंचवटे तुमच्या गुडघ्याएवढेच.''

किल्ली अजून माझ्याच खिशात आहे. उद्या हेल्मेट घ्यायला नांदेडला जाणार आहे. नातू म्हणतो, आठ घ्या.