फिजिओथेरपी : व्यवसाय आणि कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनातील व्याख्यान)



आपल्या घरांत मुलांच्या भवितव्याचा विषय निघाला की तो बहुधा डॉक्टर आणि इंजिनियर या दोन शब्दांपाशीच थांबतो. आज मी फिजिओथेरपीविषयी, म्हणजेच भौतिकोपचाराविषयी बोलणार आहे. डॉक्टरकीचा प्रवेश हुकलेल्यांची सोय म्हणून या विद्येकडे पाहू नये, अशी माझी विनंती आहे.

ब्रिटनमध्ये या व्यवसायाची पायाभरणी १८९४ साली चार परिचारिकांनी केली. त्या काळी मालिशच्या नावाखाली गैरप्रकार चालत. प्रामाणिक कामाची अब्रू राखण्यासाठी त्यांनी प्रशिक्षण, परीक्षा आणि आचारनियम असलेली संस्था उभारली. १९२० मध्ये तिला राजसनद मिळाली. कर्तव्याची जाणीव ही या व्यवसायाची जन्मखूण आहे.

इंग्लंडमध्ये याची पदवी साधारणतः तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची असते. अन्य योग्य विषयांच्या पदवीधरांना दोन वर्षांचा पदव्युत्तर मार्ग खुला आहे. सुमारे एक हजार तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत घालवावे लागतात. त्यानंतर हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि दर दोन वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. भारतातून पदवी घेऊन येणाऱ्यांनाही ही नोंदणी चुकत नाही. पुढे सांधे व स्नायू, मज्जासंस्था, श्वसन, बालके, वृद्ध, क्रीडा अशा अनेक शाखा आहेत. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या छातीतील कफ मोकळा करणाराही फिजिओथेरपिस्टच असतो.

आता कर्तव्ये. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी त्याची अनुमती घ्यावी आणि आपण काय करणार हे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. आपल्या ज्ञानाची सीमा ओळखावी. कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर व्यायाम शिकवीत न बसता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तेथे विलंब झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते.

परंतु सर्वांत मोठे कर्तव्य निराळेच आहे. रुग्णाला आपली गरज उरू नये, यासाठी झटणे हेच या व्यवसायाचे ध्येय होय. पक्षाघातानंतर हात हलू लागतो तो पुनःपुन्हा केलेल्या हालचालींनी. आपण मात्र प्रेमापोटी वडिलांना घास भरवतो, आईला खुर्चीतून उठू देत नाही. त्या सेवेमागची माया खरी असते, पण तिच्यामुळे शरीर शिकायचे थांबते. त्यांचा तोल जाऊ नये म्हणून आपण जवळ उभे राहावे. उठावे मात्र त्यांनी.

दुसऱ्याला त्याच्या पायांवर उभे करण्यात ज्यांना आनंद वाटतो, अशा आपल्या मुला-मुलींनी या वाटेचा अवश्य विचार करावा. पालकांनीही त्यांना आडकाठी करू नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.