नसते उद्योग

(आमच्या भागातील महिला मंडळे, बचत गट आणि वस्तीपातळीवरच्या कार्यकर्त्या यांच्या एक दिवसाच्या शिबिरात दुपारच्या सत्रात केलेले भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण रेशन, पोटगी आणि पोलीस ठाण्यातले अनुभव यांवर बोलतो आहोत. त्यातला एकही प्रश्न सुटलेला नाही. जेवणानंतरच्या सत्राचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काहीजणी हसल्या. विषय आहे 'गाणं, फोटो आणि नसते उद्योग'. यातला 'नसते उद्योग' हा शब्द मी संयोजकांकडून मुद्दाम मागून घेतला, कारण बाईच्या हौसेला घराघरांत हाच शब्द वापरतात. पुरुषाने कबुतरं पाळली, तासन्‌तास कॅरम खेळला, मंडळाच्या ढोलपथकात महिनाभर रात्री घालवल्या, तर तो त्याचा छंद. बाईने जुन्या बांगड्यांचं तोरण करायला घेतलं की लगेच, "काय नसते उद्योग चाललेत? भाजी चिरून झाली का?"

या प्रश्नाच्या मागे वेळेचं राजकारण आहे, म्हणून आधी वेळेचे आकडे पाहू. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं, की ८१ टक्के बाया रोज घरचं बिनपगारी काम करतात आणि पुरुषांपैकी फक्त २६ टक्के. जे करतात त्यांच्यात बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि पुरुषाची ९७ मिनिटं. २०२४ साली पुन्हा सर्वेक्षण झालं. बाईची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषाची मिनिटं ९७ वरून ८८ वर आलेली! म्हणजे बाईचा भार त्याने उचलला म्हणून काही तो कमी झालेला नाही.

आता प्रश्न असा, की एखाद्या दिवशी अर्धा तास हाती लागलाच तर तो कोणाचा? आपल्यापैकी बहुतेकींच्या मनात उत्तर तयार असतं : साचलेल्या कामाचा, मुलांचा, सासूच्या औषधाचा. 'माझा' हे उत्तर शेवटी येतं, आणि येतं तेव्हा अपराधी वाटतं. हा अपराधीपणा आपल्याला शिकवलेला आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात २४ वं कलम विश्रांती आणि फुरसत यांच्या हक्काचं आहे. स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या १३ व्या कलमात करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा स्त्रियांचा हक्क नोंदवला आहे, आणि या करारावर भारताने १९९३ साली शिक्कामोर्तब केलं. म्हणजे हौस ही कोणी मेहेरबानीने द्यायची वस्तू नाही.

जात्यावरचं गाणं

काहीजणी म्हणतील, हे शिकल्यासवरल्या, खाऊनपिऊन सुखी बायांचं बोलणं आहे. कष्टकरी बाईला कुठली आलीय हौस? मी म्हणते, कष्टकरी बाईनेच या महाराष्ट्रात गाण्याचा सगळ्यात मोठा साठा निर्माण केला आहे. पहाटे अंधारात उठून दोघी जात्याला बसायच्या आणि दळता दळता ओव्या रचायच्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी जाऊन या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. माहेर, भाऊ, लेकीचं लग्न, नवऱ्याचा मार, पंढरपूर, सगळं त्यात आहे. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या दलित बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यात आहेत. जिला घरात तोंड उघडायची चोरी, ती जात्यावर उघड बोलत होती.

बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्यांनी गाणी रचली. मुलाने, सोपानदेवांनी आणि आणखी एका नातलगाने ती लिहून ठेवली म्हणून राहिली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली पुस्तक निघालं. बहिणाबाईंची गाणी लिहून घेणारं घरात कोणी होतं. ज्यांच्या घरात नव्हतं अशा किती जणींची गाणी पिठाबरोबर भाकरीत गेली असतील!

पण एक गोष्ट स्पष्ट बोलते. जात्याचं गोडवं गायला मी उभी नाही. दळण हे खांदे मोडणारं काम होतं. गिरणी आली आणि बायांनी जातं कोपऱ्यात ढकललं, ते शहाणपणाचंच केलं. ज्यांना आज जात्याची आठवण येते त्यांनी आठवडाभर दळून पाहावं. माझा मुद्दा वेगळा आहे. गिरणी आली तेव्हा कष्ट गेले, आणि त्याबरोबर दोघींनी एकत्र बसून मनातलं गाण्याची जागाही गेली. वाचलेल्या वेळात दुसरं काम येऊन बसलं. गाण्यासाठी नवी जागा कोणी दिली नाही, आणि आपणही मागितली नाही.

हौस मोडणं हाही छळच

आता आपल्या रोजच्या कामाकडे येते. समुपदेशन केंद्रात बाई येते तेव्हा आपण मार, दारू, खर्चाचे पैसे, दागिने यांची नोंद करतो. ती केलीच पाहिजे. पण तिचं बोलणं नीट ऐकलं, तर मारहाणीच्या कितीतरी आधी दुसरं काही सुरू झालेलं असतं. एकीचा रेडिओ नवऱ्याने भिंतीवर आपटला होता, कारण ती कामात गुणगुणत होती. एकीची लग्नाआधीची गाण्यांची वही सासूने बंबात घातली. एकीला फोटो काढायची आवड, नवरा रोज रात्री मोबाईल तपासून "हे कुणासाठी काढलेत?" असं विचारी. शेवटी तिने फोटो काढणंच सोडलं. तिच्या अंगावर वळ नव्हता. पण सहा महिन्यांत ती घराबाहेर बघायचीही बंद झाली.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही धरला आहे. अपमान आणि चेष्टा त्यात येतात. म्हणून माझी कार्यकर्त्यांना विनंती आहे, की पहिल्या दोन-तीन भेटींत एक प्रश्न जरूर विचारा : "ताई, तुम्हाला पूर्वी काय करायला आवडायचं? ते कधी बंद झालं?" या प्रश्नावर बाई आधी गप्प बसते. मग बोलू लागते, तेव्हा छळाचा सगळा क्रम समोर येतो. आणि दुसरंही घडतं. आतापर्यंत ती स्वतःला 'मार खाणारी' म्हणून सांगत असते; या उत्तरात ती कोणीतरी असते. अर्ज लिहिण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे. ज्या बाईला स्वतःचं काही आठवतं, तिला उद्याचाही विचार करता येतो.

कॅमेरा कोणाच्या हातात?

फोटोचं पाहा. आपल्या घरातले जुने फोटो आठवा. स्टुडिओतल्या खुर्चीवर पुरुष बसलेला, बाई मागे उभी, डोईवर पदर. तिचा एकटीचा फोटो बहुधा लग्न ठरवायला काढलेला. आपण फोटोत होतो, पण फोटो काढणारं माणूस आपण नव्हतो. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. पुढे लाल किल्ल्यावरचा तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, असा सारा काळ साडी नेसलेल्या या बाईने जड कॅमेरा खांद्यावर घेऊन टिपला. आणि टोपणनाव काय घेतलं, तर 'डालडा १३'! अशी गंमत करायला मनात मोकळी जागा लागते.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या जणींकडे नव्हता. तरी गटात दोन-चार मोबाईल निघतात. आमच्या वस्तीतल्या गटात आम्ही एक खेळ केला. आठवड्याला प्रत्येकीने एकच फोटो काढायचा. देवाचा, बाळाचा आणि स्वतःचा नाही. तिसऱ्या आठवड्यात एका धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी नळाखालच्या कळशीत पडलेलं आभाळ आणलं. म्हणाल्या, "बारा वर्सं भरते ही कळशी, आत बघितलंच नव्हतं." एकीने ज्या गल्लीतून रात्री यायला भीती वाटते तिचा फोटो आणला. दिवा बंद असलेला खांब त्यात स्वच्छ दिसत होता. तोच फोटो अर्जाला लावून आम्ही वॉर्ड ऑफिसात गेलो. पण दिवा मिळावा म्हणून काही हा खेळ सुरू केला नव्हता. बघण्याची सवय लागली, की सुंदर दिसतं तसं अन्यायाचंही दिसतं.

त्याच गटातल्या एका मुलीने वस्तीचे आवाज मोबाईलवर साठवले. पहाटेचं पाणी, कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाक, शेजारणीचं भांडण, आणि शेवटी रात्री दीडला सगळं शांत झाल्यावरची एक खोकल्याची उबळ. पाच मिनिटांचा तो तुकडा ऐकताना बाया आधी हसल्या, मग गप्प झाल्या. याचा उपयोग काय? काही नाही. पण "हे आपलंच आहे की!" असं एकजण म्हणाली.

प्रत्येक टाका विकायचा नाही

बचत गटांबद्दल थोडं बोलते. गटामुळे बाईच्या हातात पैसा आला, याबद्दल वाद नाही. पण एक नवी सवय लागली आहे. कोणी गोधडी छान शिवली, की लगेच प्रश्न : "विकायला ठेवायची का? किती ऑर्डर घेता येतील?" जुन्या लुगड्यांच्या गोधडीत आईच्या पातळाचा काठ, लेकीच्या झबल्याचा तुकडा, असा एका घराचा इतिहास शिवलेला असतो. ऑर्डरच्या गोधडीला तेवढी जागा नसते. तिथे माप, रंग आणि तारीख गिऱ्हाईक ठरवतं. विका, चांगल्या किमतीला विका. पण वर्षातून एक गोधडी अशी शिवा, की जी विकायची नाही, दाखवायचीही नाही, आणि रंग जुळले नाहीत तरी चालतील. बाईच्या हाताला नेहमी कामाचा नाही तर पैशाचा हिशोब द्यावा लागतो. हौस बिनहिशोबी राहू द्या.

आणि हौसेची जागा सगळ्यांसाठी खुली हवी. भोंडला, मंगळागौर, हळदीकुंकू हे बायांच्या खेळण्याबोलण्याचे हक्काचे प्रसंग, हे खरं. पण त्यांच्या दारातून विधवा, परित्यक्ता आणि 'खालच्या' ठरवलेल्या जातींच्या बाया परत गेल्या, हेही तेवढंच खरं. सावित्रीबाई फुल्यांनी १८५२ च्या संक्रांतीला पुण्यात तिळगूळ समारंभ केला, तेव्हा सर्व जातींच्या बायांनी एकाच जाजमावर बसायचं असं ठरवलं होतं. आपल्या गटातल्या कार्यक्रमाला तोच नियम ठेवा. कुंकवाची अट नको, जोडव्यांची नको.

आधी पोट, मग गाणं?

शेवटचा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांचा : "प्रश्न जळत असताना गाणी कसली गाता?" आपल्या चळवळीचा इतिहास याचं उत्तर देतो. स्त्री मुक्ती संघटनेचं ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' १९८३ पासून गावोगावी गेलं. हुंडा, मुलगी नको असणं, हे भाषणाने जिथे पोचलं नसतं तिथे गाण्याने आणि हशाने पोचलं. पण मी आणखी पुढे जाऊन म्हणते, की गाणं हे नुसतं निरोप पोचवण्याचं साधन मानू नका. मोर्चात गाणं गाणारी बाई रिकाम्या घरीही स्वतःसाठी गायली पाहिजे. आपल्यातल्या कितीतरी कार्यकर्त्या आठ-दहा वर्षांत थकून काम सोडून गेल्या. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकायचं आणि स्वतःच्या मनाला ओलावा द्यायचा नाही, असं किती दिवस चालणार?

म्हणून आजच्या गटचर्चेसाठी तीन प्रश्न ठेवते. एक, आठवड्यात कुठला अर्धा तास माझा, आणि त्या वेळचं घरकाम घरातलं कोण करणार? नाव घेऊन ठरवा, नाहीतर तो अर्धा तास झोपेतून जाईल. दोन, गटाच्या बैठकीत कामकाजाआधी दहा मिनिटं एकीने गावं, दाखवावं किंवा वाचावं, आणि कोणी तिला "बोध काय?" असं विचारू नये. तीन, आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांना अजून ओव्या येतात का? येत असतील तर त्यांच्या परवानगीने मोबाईलवर उतरवून घ्या, आणि गाणारीचं नाव त्याबरोबर लिहा. पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ लागेल. तिथे घरात भांडणं होतील. ती होऊ द्या, पुढच्या बैठकीत त्यांच्याबद्दल बोलू.

आता पाच-पाच जणींचे गट करा. मागच्या बाजूला जुन्या साड्यांच्या चिंध्या, सुया आणि दोरा ठेवला आहे. चर्चा करता करता ज्यांना वाटेल त्यांनी टाके घालावेत. त्यातून काय तयार होईल ते मला माहीत नाही, आणि ते कोणी विचारणारही नाही.