चोरओटी आणि पहिले बारा आठवडे

सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गळून जाण्याला गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात तो पडण्याला गर्भपात म्हटले आहे. बोलीत मात्र 'खाली झालं' एवढ्यावर विषय मिटतो. निश्चित झालेल्या शंभर गर्भधारणांपैकी साधारण दहा ते पंधरा अशा जातात आणि सुरुवातीच्या महिन्यांत गेलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांचा, म्हणजे आनुवंशिक सूचना वाहणाऱ्या पेशीतील सूक्ष्म धाग्यांचा, दोष असतो. कळशी उचलली किंवा जिना चढली म्हणून गर्भ गेला, असे स्त्रीच्या माथी मारण्यास आधार नाही. अर्थात हा घरातील वडीलधाऱ्यांवरचा आरोप नव्हे आणि ज्येष्ठ स्त्रियांनी तो तसा घेऊ नये, कारण त्यांच्याही पोटातले असे दुःख कोणी विचारले नव्हते.

खरा प्रश्न एक गर्भ गेल्यानंतरच्या गर्भारपणाचा आहे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत उभ्याने कामाची पाळी करणारी अशी स्त्री स्वच्छतागृहात गेली की प्रत्येक वेळी आधी कपडा पाहते, डाग नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकते आणि तासाभराने पुन्हा जाते. एखाद्या सकाळी मळमळ झाली नाही, तर इतरांना बरे वाटते, ती मात्र घाबरते. चाचणीपट्टीवरची दुसरी रेघ कालच्यापेक्षा फिकी तर नाही ना, हे ती उजेडात धरून पाहते. वस्तुतः त्या रेघेच्या गडदपणावरून गर्भाची प्रकृती कळत नाही. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदयाची लुकलुक दिसली, तरी तो दिलासा दोन दिवस पुरतो. ही भीती म्हणजे वेड नव्हे, शरीराने जपलेली आठवण आहे.

या भीतीला सर्वाधिक खतपाणी घालतो तो 'तीन महिने कोणाला सांगू नये' हा दंडक. ज्या काळात आधार हवा, त्याच काळात हा दंडक तिला एकटे पाडतो. याच परंपरेत चोरओटीही आहे, हे विसरले जाते. बहुधा तिसऱ्या महिन्यात घरातल्या दोन-चार जणी गाजावाजा न करता खण, नारळ, हळकुंड, सुपारी घालून ओटी भरतात. डोहाळजेवणाचे आमंत्रण गल्लीभर जाते, चोरओटीचे शेजारणीलाही नसते, तरी तिला ते आधीच ठाऊक असते. म्हणजे गुपित ठेवायचे, पण ते एकटीने वाहायचे नाही, हे आपल्या बायकांनी केव्हाच ठरवले होते. आधी गर्भ गेलेल्या स्त्रीची ही ओटी चाचणी होताच, पाचव्या आठवड्यातच भरावी, असा या व्याख्यानाचा आग्रह आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने गर्भस्रावानंतर गर्भ जितक्या महिन्यांचा तितक्या रात्रींचे अशौच सांगितले, 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. दोन्हींनी गेलेल्या गर्भाची मुदत मोजली, पुढच्या गर्भाच्या धास्तीची मात्र कोणी मोजली नाही. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला होणारी सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणीही चौथ्या महिन्यापासूनच्या गर्भवतींसाठी आहे.

शेवटी काही व्यावहारिक सूचना. रक्तस्रावासोबत पोटात तीव्र कळ किंवा भोवळ आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. भीतीने झोप उडाली, तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर रात्रीही बोलता येते. आणि जिने ओटी भरली, तिने सोनोग्राफीच्या दिवशी कामावरून सुट्टी घेऊन त्या गर्भवतीसोबत बाहेरच्या बाकावर बसावे.