मनाई हुकूम आणि घरातील बंदूक



कौटुंबिक हिंसेपासून संरक्षण मागणाऱ्या स्त्रीला न्यायालय मनाई हुकूम देते. पतीने तिला मारहाण करू नये, धमकावू नये, तिच्या घराजवळ फिरकू नये, असे त्यात नमूद असते. हुकूम कागदावर कितीही परिपूर्ण असला, तरी त्याची अंमलबजावणी व्हावयाची असते ती घराच्या उंबरठ्यावर. पतीजवळ बंदूक असेल, तर हुकूम निघाल्यापासून ती बंदूक प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंतचा काळ त्या स्त्रीच्या दृष्टीने मोठ्या धोक्याचा असतो. या काळात पोलिसांनी नेमके काय करावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. अमेरिकेत नागरिकांजवळ फार मोठ्या प्रमाणावर बंदुका असल्यामुळे तेथे या प्रश्नाचा बराच ऊहापोह झाला आहे. म्हणून प्रथम तेथील अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल.

कॅसल रॉकची घटना

कोलोरॅडो राज्यातील कॅसल रॉक या गावी एका मातेने पतीविरुद्ध मनाई हुकूम मिळविला होता. हुकूम अमलात आणण्यासाठी पोलिसांनी सर्व वाजवी उपाय योजावेत, अशी सूचना त्या कागदावरच छापलेली होती. २२ जून १९९९ रोजी सायंकाळी पतीने घराबाहेर खेळत असलेल्या तीन मुलींना परस्पर नेले. मातेने साडेसातच्या सुमारास पोलिसांना कळविले. रात्री दहापर्यंत वाट पाहा, असे तिला सांगण्यात आले. दहानंतर, बारापर्यंत वाट पाहा, असे सांगण्यात आले. मध्यरात्रीनंतर ती स्वतः ठाण्यावर गेली. तक्रार लिहून घेऊन अधिकारी जेवावयास निघून गेला. पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी पती ठाण्याशी आला आणि त्याच संध्याकाळी विकत घेतलेल्या पिस्तुलातून त्याने गोळीबार सुरू केला. पोलिसांच्या गोळ्यांनी तो ठार झाला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह आढळले.

हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००५ साली सात विरुद्ध दोन मतांनी निर्णय लागला, की हुकुमाची अंमलबजावणी पोलिसांकडून करून घेण्याचा घटनात्मक हक्क त्या मातेस नाही. पुढे २०११ साली आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने मात्र, तिला व तिच्या मुलींना संरक्षण देण्याच्या कर्तव्यात अमेरिका कमी पडली, असा निष्कर्ष काढला. या निर्णयांतून घ्यावयाचा बोध असा, की केवळ ‘अंमलबजावणी करावी’ एवढ्या शब्दांवर विसंबून चालत नाही. कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने करावी, हे आधीच लेखी ठरलेले असावे लागते.

कायदा आणि त्यातील उणीव

अमेरिकेच्या संघीय कायद्यात १९९४ साली अशी तरतूद झाली, की ज्याच्याविरुद्ध रीतसर नोटीस व सुनावणीनंतर असा मनाई हुकूम निघाला आहे, त्याने हुकूम चालू असेपर्यंत बंदूक अथवा काडतुसे बाळगू नयेत. या तरतुदीस घटनेच्या आधारे आव्हान देण्यात आले; परंतु २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने उचलून धरली. दुसऱ्याच्या जिवास खरा धोका असल्याचे न्यायालयास आढळल्यास त्या व्यक्तीस तात्पुरते निःशस्त्र करता येते, असे न्यायालयाने म्हटले.

या तरतुदीत दोन उणिवा आहेत. पहिली अशी, की सुनावणीपूर्वी एकतर्फी निघालेल्या तात्पुरत्या हुकुमास ती लागू होत नाही. दुसरी अधिक व्यावहारिक आहे. बंदूक बाळगू नये, असे कायदा सांगतो. ती कोणाच्या स्वाधीन करावी, किती मुदतीत करावी व केली की नाही हे कोणी पाहावे, हे तो सांगत नाही. ही उणीव भरून काढणे राज्यांचे कायदे व पोलिसांची धोरणे यांवर अवलंबून राहिले.

पोलिसांची कार्यपद्धती

कॅलिफोर्निया राज्याने या बाबतीत बरीच स्पष्टता आणली आहे. कौटुंबिक हिंसेच्या तक्रारींबाबत प्रत्येक पोलीस दलाने लेखी धोरण आखावे, यासाठी तेथील कायद्याने १ जानेवारी १९८६ ही मुदत घालून दिली होती. मनाई हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याने मागणी करताच बंदूक त्याच्या हवाली करावयाची असते. अशी मागणी झाली नाही, तर चोवीस तासांच्या आत ती पोलिसांकडे जमा करावी लागते किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे द्यावी लागते. त्याची पावती अठ्ठेचाळीस तासांच्या आत न्यायालयात दाखल करावी लागते. एकतर्फी तात्पुरत्या हुकुमासही हे बंधन आहे.

या पद्धतीचे मर्म पावतीत आहे. पावती आली नाही, म्हणजे बंदूक अद्याप त्या माणसाजवळ असू शकते, हे न्यायालयास व पोलिसांस आपोआप कळते. पीडित स्त्रीला पुन्हा तक्रार घेऊन धावावे लागत नाही.

धोरण चांगले असेल, तर त्यात आणखी काही गोष्टींचा समावेश असतो. हुकूम बजावण्यास जाण्यापूर्वी अर्जदार स्त्रीकडून शस्त्रे किती, कोणत्या प्रकारची व कोठे ठेवलेली आहेत, याची माहिती घेणे. बजावणाऱ्या अधिकाऱ्याच्याही सुरक्षिततेसाठी ही माहिती आवश्यक असते. हुकुमाची नोंद संगणकीय यादीत विनाविलंब करणे. ती झाली नाही, तर जुनी बंदूक जमा करणारा मनुष्य दुकानातून नवी खरेदी करू शकतो. बंदूक भावाच्या वा मित्राच्या घरी ठेवून केवळ हात झटकले गेले नाहीत ना, याची खातरजमा करणे. आणि हुकुमाची मुदत संपल्यावर शस्त्र परत देताना तो मनुष्य ते बाळगण्यास पात्र आहे की नाही, हे तपासून पीडित स्त्रीस आधी कळविणे.

आपल्याकडील तरतुदी

भारतात बंदूक परवान्याशिवाय बाळगता येत नाही. त्यामुळे प्रश्नाची व्याप्ती लहान आहे. परंतु प्रश्न नाही असे नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १८ अन्वये दंडाधिकारी संरक्षण आदेश देतात व कलम २३ अन्वये एकतर्फी अंतरिम आदेशही देऊ शकतात. आदेशाची प्रत पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यास द्यावी, असे कलम २४ सांगते. आदेशाचा भंग हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या अधिनियमाखालील २००६ च्या नियमांपैकी नियम १० येथे विशेष महत्त्वाचा आहे. दंडाधिकाऱ्यांनी लेखी निर्देश दिल्यास, हिंसाचारात वापरलेले कोणतेही शस्त्र जप्त करण्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याने जरूर तर पोलिसांचे साहाय्य घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. ‘कोणतेही शस्त्र’ या शब्दांत बंदुकीप्रमाणेच कोयता व कुऱ्हाडही येते. शस्त्र परवान्याचे असेल, तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १७ खाली सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव परवाना निलंबित वा रद्द करता येतो. शस्त्र बाळगणे कायदेशीर राहिले नाही, की ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करणे कलम २१ अन्वये बंधनकारक आहे.

मात्र हे दोन्ही अधिनियम आपोआप एकमेकांशी बोलत नाहीत. संरक्षण आदेश एका कचेरीत निघतो, परवान्याची नोंद दुसऱ्या कचेरीत असते. त्यांना जोडण्याचे काम माणसांनीच करावयाचे आहे. संरक्षण अधिकाऱ्याने सुरक्षा योजनेत शस्त्राचा स्पष्ट उल्लेख करावा. ठाणे अंमलदाराने आदेशाची प्रत हाती येताच परवान्याची नोंद तपासून परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्यास लेखी कळवावे. शस्त्र जमा झाल्याची पावती प्रकरणाच्या कागदपत्रांत लागली की नाही, हे पाहावे.

ग्रामीण भागात घरातील शस्त्राची माहिती बहुधा शेजाऱ्यांस, पोलीस पाटलांस व पंचायत सदस्यांस असते. वर्गात अचानक गप्प राहू लागलेल्या मुलाच्या मनातील भीती प्रथम शिक्षकाच्या ध्यानी येते. ‘घरातील भांडण घरात मिटेल’ या समजुतीने ही माहिती दडून राहिली, तर आदेशाचा कागद निरुपयोगी ठरतो. ती वेळीच संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत पोहोचविणे, हे गावच्या प्रत्येक जबाबदार माणसाचे कर्तव्य आहे.

कॅसल रॉकच्या मातेजवळ न्यायालयाचा हुकूम होता. तिला तासातासाने मिळाले ते ‘वाट पाहा’ एवढेच उत्तर. संरक्षण मागण्यास आलेल्या कोणाही स्त्रीस आपल्या ठाण्यात, आपल्या कचेरीत अथवा आपल्या गावी हे उत्तर मिळू नये, एवढी दक्षता घेतली गेली, तरच आदेशातील शब्दांस अर्थ येईल.